उजनीचा मृतसाठा आणि फुटबॉलची राखीव फळी

जुलै लागला की सोलापुरात सकाळी पेपर उघडल्यावर नजर आधी एकाच आकड्याकडे जाते: उजनी किती टक्के? पुण्याकडे पाऊस झाला का, दौंडहून किती क्युसेक येतंय, धरण उण्यातून अधिकात आलं का. हा ‘उणे’ शब्द बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगावा लागतो. धरणात पाणी असतं, डोळ्यांना दिसतं, पण ठरावीक रेषेखालचं पाणी मृतसाठ्यात धरतात. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातले ६३ टीएमसीहून थोडे जास्त मृतसाठ्यात, उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे धरण निम्म्याहून थोडं जास्त भरलेलं असतं तेव्हाही ती शून्यच असते, आणि त्याखाली गेलं की उणे.

त्याच जुलैत माझा भाचा आणि त्याचे मित्र वेगळ्याच आकड्यांच्या मागे असतात. फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरचं नाव निघतं आणि ते रास्तच आहे. आमच्या सोलापूरच्या पोरांना या खेळाचं वेड टीव्हीने आणि मोबाइलने लावलं. ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू होते, त्याआधी कोणाला घेतलं, कोणाला विकलं, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. गेल्या वर्षी भाचा मोठ्या खुशीत म्हणाला, “मामा, यंदा आमच्या क्लबकडे पंचवीस जण आहेत. दोन टीम उभ्या राहतील!” मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझ्या तोंडून पटकन निघालं, “त्यातला उपयुक्त साठा किती रे?”

प्रश्न सहज विचारला होता, पण तो मला सोडेना. मोसम सुरू होण्याआधी राखीव फळी किती भक्कम आहे, हे मोजायचं कसं?

आधी गरज किती ते बघू. लीगचे सामने ३८, प्रत्येक ९० मिनिटांचा. म्हणजे मैदानावरच्या एकेका जागेला मोसमभरात ३४२० मिनिटं माणूस लागतो. युरोपातल्या स्पर्धा आणि चषकाचे सामने धरले तर मोठ्या क्लबचे सामने पन्नास-साठपर्यंत जातात. नावं कमी पडत नाहीत. लीगच्या यादीत २५ जण नोंदवता येतात आणि २१ वर्षांखालचे त्याबाहेर. अडचण येते ती दुखापतींनी.

याचा सर्वांत मोठा अभ्यास युरोपीय फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, २००१ पासून चालवला. स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रांड त्याचे प्रमुख. २०११ मध्ये त्यांनी जे मांडलं ते प्रत्येक चाहत्याला ठाऊक असायला हवं: एका खेळाडूला मोसमात सरासरी दोन दुखापती होतात, म्हणजे २५ जणांच्या संघाला सुमारे पन्नास. सरावात दर हजार तासांमागे ४.१ दुखापती, तर सामन्यात २७.५. जवळजवळ सातपट. स्नायूंच्या दुखापती एकूण दुखापतींच्या ३१ टक्के, आणि त्यांतही मांडीमागच्या स्नायूचा, हॅमस्ट्रिंगचा, पहिला नंबर.

सामने दाटीवाटीने आले की गोष्ट आणखी बिघडते. सामन्यात खेळाडू दहा-बारा किलोमीटर धावतो, मध्येच झेपावतो, एकदम थांबतो. स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे हाताशी ठेवलेलं इंधन, खर्ची पडतं. ते पुरतं भरून यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि स्नायूंच्या तंतूंना पडलेले बारीक चिरे बुजायलाही वेळ हवा असतो. एका व्यावसायिक संघाचा दोन मोसम अभ्यास झाला. आठवड्यात एकच सामना असताना दर हजार तासांमागे ४.१ दुखापती होत्या. आठवड्यात दोन सामने झाले तेव्हा २५.६. विशेष म्हणजे धावण्याच्या आकड्यांत फरक दिसला नाही. खेळाडू तितकाच पळत होता, बाहेरून ठणठणीत दिसत होता, आणि आतून दुखापतीच्या जवळ सरकत होता. २०१० चा हा निष्कर्ष मला आजही अस्वस्थ करतो.

आता थोडा हिशोब. समजा, कोणताही खेळाडू कोणत्याही सामन्याला हजर नसण्याची शक्यता आठात एक आहे. मधल्या बचावात, सेंटर बॅकच्या जागी, दोन माणसं लागतात. संघाकडे असे चार जण असतील, तर दोनही उभे न राहण्याची शक्यता ४०९६ मध्ये २९, म्हणजे शेकडा पाऊणही नाही. चारांतला एक विकला आणि तीन उरले, तर तीच शक्यता ५१२ मध्ये २२, म्हणजे शेकडा चारच्या वर. माणूस एक कमी झाला, धोका सहापट वाढला. भाच्याला हे कागदावर करून दाखवलं तेव्हा त्याने स्वतः दोनदा गुणाकार करून पाहिला.

पण हा हिशोब परिस्थितीला फार सौम्य धरतो. त्यात प्रत्येकाची दुखापत सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली मानली आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला यातली फट लगेच दिसेल. विहीर आहे, बोअर आहे, शेततळं आहे, तीन-तीन सोयी आहेत म्हणून निर्धास्त राहावं, तर तिन्ही एकाच पावसावर अवलंबून. पाऊस चुकला की तिन्ही एकाच उन्हाळ्यात आटतात. संघातही एक जण पडला की उरलेल्यांवर भार येतो, त्यांना विश्रांती मिळत नाही, आणि डिसेंबरमधली सामन्यांची दाटी सगळ्यांनाच एकदम गाठते. शिवाय दुखापत एका सामन्यापुरती नसते. गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, फाटला की सहा-नऊ महिने गेलेच. तीन सेंटर बॅक आणि ३८ सामने धरले तर सरासरीने ‘मोसमात दीड सामना अडचण’ असं उत्तर येतं. प्रत्यक्षात बहुतेक मोसम निभावून जातात आणि एखादा अख्खाच कोरडा जातो.

लिव्हरपूलचा २०२०-२१ चा मोसम असाच गेला. आदल्या वर्षी ९९ गुण मिळवून ते विजेते झाले होते. उन्हाळ्यात देयान लोव्रेन हा सेंटर बॅक त्यांनी विकला आणि त्याच्या जागी कोणी घेतला नाही. अनुभवी असे तीन राहिले. १७ ऑक्टोबरला एव्हर्टनविरुद्ध व्हर्जिल व्हॅन डाइकचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये इंग्लंड संघाच्या सरावात जो गोमेझचा. जानेवारीच्या शेवटी जोएल माटिपचाही मोसम संपला. मग फाबिन्यो आणि जॉर्डन हेंडरसन या मिडफिल्डरांना मागे खेळवलं. बचावाला ठिगळ लागलं, पण ते मधल्या फळीचं कापड कापूनच. घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने न हरलेला हा संघ तिथेच ओळीने सहा सामने हरला. क्लबच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं.

पुढचं मला जास्त शिकवून गेलं. मार्चमध्ये फाबिन्यो पुन्हा स्वतःच्या जागी आला, आणि मागे नॅट फिलिप्ससारखे ज्यांची नावं ऑगस्टमध्ये कोणी घेत नव्हतं ते उभे राहिले. शेवटच्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, आणि तिसरा क्रमांक. स्वतःच्या जागेवरचा साधा खेळाडू दुसऱ्याच्या जागेवरच्या उत्तम खेळाडूपेक्षा कामाचा ठरला, कारण त्याच्यामुळे एकाऐवजी दोन जागा नीट झाल्या.

गणितात याला १९३५ पासून नेमका नियम आहे. इंग्लंडचे फिलिप हॉल यांचं प्रमेय. त्याला गंमतीने लग्न जुळवण्याचं प्रमेय म्हणतात. काही जागा आहेत, काही माणसं, आणि कोण कुठे चालेल हे ठाऊक आहे. सगळ्या जागा भरतील का? हॉल म्हणतात: कितीही जागांचा कोणताही गट घ्या, त्या गटात चालणारी वेगवेगळी माणसं किमान जागांइतकी हवीत. ही अट एका जरी गटात मोडली तरी जुळणी होत नाही. कुठेच मोडली नाही, तर ती नक्की होते. आपण यादी वाचताना नेमकं ‘वेगवेगळी’ हे विसरतो. चार जागांवर खेळू शकणारा खेळाडू चार ठिकाणी लिहितो आणि फळी भरगच्च दिसते. तो मात्र एकच असतो.

मृतसाठा आणखीही ठिकाणी दडलेला असतो. आदल्या मोसमात जायबंदी झालेल्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका दोन ते तीनपट असतो, हे युएफाच्या अभ्यासकांनीच दाखवलं आहे. त्याला पूर्ण एक खेळाडू मोजणं धाडसाचं. आफ्रिकेतल्या देशांच्या संघांची स्पर्धा बहुतेकदा ऐन मोसमात येते, आणि तिथले खेळाडू क्लब सोडून आपल्या देशाकडून खेळायला जातात. २०२५ ची डिसेंबर-जानेवारीत मोरोक्कोत ठेवली गेली. ही गैरहजेरी तर तारखेनिशी आधी कळते. आणि जो वर्षभर बेंचवर बसला, त्याला एकदम मोठ्या सामन्यात उतरवलं तर त्याचं शरीर त्या वेगाला तयार नसतं. धरण भरलं तरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, हे सोलापूरकराने वर्षानुवर्षं अनुभवलंय. साठा असणं आणि तो वेळेवर पोचणं या दोन गोष्टी आहेत. पाच बदली खेळाडूंचा नियम २०२२ मध्ये कायमचा झाला, तेव्हापासून ही पाइपलाइन जरा रुंद झाली. राखिवांना थोडी थोडी मिनिटं देत राहता येतं.

भाच्याने अर्थातच लेस्टर सिटीचं उदाहरण काढलं. २०१५-१६ मध्ये त्यांनी मोजक्या खेळाडूंवर लीग जिंकली. खरं आहे, आणि ती कामगिरी आठवली की मलाही भरून येतं. पण त्या वर्षी त्यांना युरोपातले सामने नव्हते, इंग्लंडमधल्या दोन्ही चषकांतून ते लवकर बाहेर पडले, आणि एकूण सामने झाले ४३. जिथे पेरा कमी, तिथे पाणीही कमी लागतं.

त्या रात्री आम्ही वहीच्या पानावर अकरा चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत भाच्याने नावं लिहिली. मी म्हटलं, आता एकेका नावावर बोट ठेव आणि ते नाव जिथे जिथे असेल तिथे खोड. पहिली दहा-बारा नावं खोडून, पुन्हा लिहून झाली. काही बिघडलं नाही. मग त्याचं बोट एका मिडफिल्डरच्या नावावर आलं. ते नाव तीन चौकटींत होतं. त्याने तिन्हीकडे काट मारली, पानाकडे बघत बसला, आणि मग विचारलं, “मामा, खरेदीची मुदत कधी संपते?”