तंत्रज्ञान तयार, तरतूद नाही
अमेरिकेचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. मात्र त्या वर्षी सैन्यदलांनी काय विकत घ्यायचे, याची आखणी पेंटागॉनमध्ये, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्यात, सुमारे दोन वर्षे आधीच सुरू झालेली असते. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी रुजवलेली ही पद्धत विमानवाहू नौकेसारख्या, वर्षानुवर्षे बांधकाम चालणाऱ्या गोष्टींना मानवते. पण एखाद्या छोट्या कंपनीचे ड्रोन आज चाचणीत उत्तम ठरले आणि अधिकाऱ्यांच्या पसंतीसही उतरले, तरी चालू अर्थसंकल्पात त्याच्या खरेदीची तरतूद बहुधा नसतेच, कारण मागण्या नोंदवल्या गेल्या तेव्हा ते ड्रोन कागदावरही आलेले नव्हते. संशोधनाचा निधी संपलेला आणि खरेदीचा अजून मंजूर न झालेला, अशा या काळात कंपनीला पगार मात्र दरमहा द्यावेच लागतात. या टप्प्याला तिकडे ‘मृत्यूची दरी’ म्हणतात, आणि ते नाव फारसे अतिशयोक्त नाही.

त्यातच निधीचे कप्पे वेगळे असतात. संशोधन-विकासाचा पैसा दोन वर्षांत, बहुतेक खरेदीचा तीन वर्षांत आणि देखभालीचा एका वर्षात वापरास लावावा लागतो. सॉफ्टवेअरची निर्मिती, सुधारणा आणि देखभाल एकाच वेळी चालते. मग त्याचा खर्च कोणत्या कप्प्यात टाकायचा? शिवाय काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अर्थसंकल्प वेळेत मंजूर केला नाही, जे जवळजवळ दरवर्षी घडते, तर हंगामी तरतुदीवर कारभार चालतो आणि त्या काळात सर्वसाधारणपणे नवा प्रकल्प सुरूच करता येत नाही.

नेहमीची चाकोरी सोडली तर काय होऊ शकते, हे इराक युद्धात दिसले. तिथे रस्त्याकडेच्या स्फोटांनी अमेरिकी सैनिक मरत होते, तेव्हा स्फोटाचा दाब बाजूंना वळवणाऱ्या, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या तळाची वाहने काही नवी नव्हती, आफ्रिकेच्या दक्षिण भागात ती 1970च्या दशकापासून वापरात होती. 2007मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी त्यांना सर्वोच्च प्राधान्य दिले, युद्धासाठीच्या पुरवणी तरतुदींतून पैसा आला आणि दीड-दोन वर्षांत हजारो वाहने आघाडीवर पोहोचली.

ही सारी व्यवस्था बदलण्याची शिफारस काँग्रेसनेच नेमलेल्या आयोगाने मार्च 2024मध्ये केली. मात्र निधी इकडचा तिकडे वळवण्याची जास्त मोकळीक पेंटागॉनला द्यायची, म्हणजे खर्चावरची स्वतःची पकड काँग्रेसने सैल करायची. लोकप्रतिनिधींचा त्याबाबतचा संकोच निव्वळ आडमुठेपणा म्हणून झटकून टाकता येत नाही.