सेकंदाला १.३५ टेराबिट: गिटहबवरचा हल्ला कसा परतवला गेला

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी, भारतात रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली असताना, गिटहब बंद पडले. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती ही साइट. कुणी आत शिरले नव्हते, काही चोरीला गेले नव्हते. निरुपयोगी डेटाचा लोंढा तेवढा तिच्यावर आदळत होता, आणि त्याचा जोर सेकंदाला १.३५ टेराबिटपर्यंत (एक टेराबिट म्हणजे हजार गिगाबिट) गेला.

हा डेटा हल्लेखोराने दुसऱ्यांच्या सर्व्हरांकडून काढला होता. मेमकॅश्ड हे सॉफ्टवेअर वारंवार लागणारी माहिती मेमरीत धरून ठेवते, म्हणजे वेबसाइट झटपट चालते. ते कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कपुरतेच असायला हवे. पण हजारो ठिकाणी ते इंटरनेटवर उघडे पडले होते आणि यूडीपीवरून, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे न तपासणाऱ्या डेटा-पद्धतीवरून, कुणालाही उत्तर देत होते. हल्लेखोराने त्यांना छोट्या विनंत्या धाडल्या आणि पाठवणाऱ्याच्या जागी गिटहबचा पत्ता घातला. शेजाऱ्याचा पत्ता देऊन गावभरच्या दुकानांतून माल मागवावा, तसा हा प्रकार. १५ बाइटच्या विनंतीला ७५० किलोबाइटपर्यंत उत्तर येऊ शकत होते, म्हणजे सुमारे ५१ हजार पट!

इथे फायरवॉल, म्हणजे नको असलेला डेटा अडवणारी यंत्रणा, पुरत नाही. ती बसते संस्थेच्या दारात. तुमची लाइन १० गिगाबिटची आणि येणारा डेटा १०० गिगाबिटचा असेल, तर लाइन आधीच तुंबते आणि खऱ्या ग्राहकाची विनंती फायरवॉलपर्यंत पोचतच नाही. म्हणून गाळणी लावायची ती डेटा दारात पोचण्याच्या बरीच आधी, जिथे क्षमता प्रचंड आहे तिथे.

गिटहबने नेमके तेच केले. येणाऱ्या आणि जाणाऱ्या ट्रॅफिकचे प्रमाण बिघडल्याचे यंत्रणेने टिपले. पाच मिनिटांत इंजिनिअरांनी बीजीपीचे (नेटवर्के एकमेकांना डेटाची वाट कळवतात त्या पद्धतीचे) मार्ग बदलून सगळी वाहतूक अकामाई या कंपनीच्या जाळ्यातून वळवली. मेमकॅश्डची उत्तरे ११२११ या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून, येतात, त्यामुळे ती ओळखून टाकून देता आली. दहा मिनिटांच्या आत साइट सावरली.

मला या पाच मिनिटांचे फार मोल वाटते, कारण त्यातले बहुतेक काम आधीच झालेले होते. ऐन हल्ल्यात करार होत नसतात. बँक असो वा रुग्णालय, इंटरनेट पुरवठादाराचा कोणता माणूस मध्यरात्री फोन उचलेल आणि मार्ग वळवण्याचा निर्णय कोण घेईल, हे शांततेच्या काळातच ठरवायला हवे. एक चूक तर हमखास होते: संरक्षण सेवा घेतली जाते, पण मूळ सर्व्हरचा जुना आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) बाहेरून उघडाच राहतो. हल्लेखोर मग सरळ तिथेच जातो.

खोटा पत्ता घातलेली डेटाची पाकिटे पुरवठादाराने आपल्याच वेशीवर अडवावीत, ही शिफारस किमान मे २००० पासून इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आहे. ती सगळ्यांनी पाळली असती, तर गिटहबच्या नावाने विनंत्या पाठवताच आल्या नसत्या. मेमकॅश्डच्या १.५.६ या आवृत्तीपासून यूडीपी मुळातच बंद असते. जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनी ते स्वतः बंद करायचे आणि ११२११ पोर्ट बाहेरच्या जगासाठी मिटून टाकायचा.