रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय

सीबीसी, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. फाइल मिटवत डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." मग घरचेही तेच ऐकवतात. अंग मात्र ठणकतच असतं.

फ्लू आठवा. विषाणू नाका-घशात, मग पिंढऱ्या का दुखतात? जेवण का नकोसं होतं? हे बहुतांशी आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचं काम. त्या इंटरल्युकिन-१ सारखी रसायनं सोडतात आणि मेंदू आपल्याला आडवं पाडतो. निरोप पोचवणाऱ्या वाटांपैकी एक म्हणजे पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस ही नस. उंदराच्या पोटात इंटरल्युकिन-१ टोचलं की त्याला वेदना जास्त जाणवते. व्हेगस आधीच कापलेली असेल, तर तसं होत नाही!

हे झालं तापातलं. पण ताप नाही, सूज नाही, तरी वर्षानुवर्षं अंग दुखतं, त्या फायब्रोमायल्जियाचं काय? लंडनचं किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल विद्यापीठ आणि स्टॉकहोमची कारोलिन्स्का इन्स्टिट्यूट यांनी 2021 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो मी कितीदा वाचला असेन! रुग्णांच्या रक्तातली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) वेगळी काढून उंदरांना टोचली. उंदरांना दाब आणि गारवा सोसेना, पंजाची पकड सैल झाली, हालचाल मंदावली. निरोगी माणसांची प्रतिपिंडं दिलेले उंदीर मजेत होते. रुग्णांची प्रतिपिंडं सापडली ती मेंदूत नव्हे, तर मणक्यांलगतच्या मज्जागाठींत. संवेदना वाहणाऱ्या चेतापेशी तिथे असतात आणि त्यांना बिलगून सॅटेलाइट ग्लिअल पेशी. प्रतिपिंडं चिकटली होती मुख्यतः या बिलगलेल्या पेशींना. नेहमीच्या रक्ततपासणीत यातलं काही दिसत नाही. सीआरपी हे शरीरातल्या दाहाची खूण देणारं प्रथिन यकृतात बनतं, आणि मणक्याशेजारच्या गाठीतल्या कुरबुरीची खबर यकृताला असेलच असं नाही. काही आठवड्यांत प्रतिपिंडं ओसरली आणि उंदीर पूर्ववत झाले. या उंदरांना ना ईएमआय होता, ना सासुरवास.

म्हणून मनाचा संबंधच नाही, असं नव्हे. दीर्घ ताणानेही दाहाची रसायनं वाढतात, शिवाय प्रत्येक रुग्णात प्रतिपिंडंच कारण असतील असंही नाही. आणि हे वाचून कोणी 'इम्युनिटी बूस्टर' काढ्याची बाटली आणायला निघाला असेल, तर थांबा. इथे आपलीच प्रतिपिंडं आपल्याच पेशींना चिकटून बसलीत, त्यांना आणखी बळ कशाला द्यायचं?