सिसिलीतल्या मेसानाला मदत करायचा निर्णय नक्की कोणाचा? रोम इटलीबाहेर पडलं त्यामागची पार्श्वभूमी

राजाला हाकलून इ.स.पू. ५०९ मध्ये प्रजासत्ताक आलं वगैरे सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे ते सोडून देतो. दोन कॉन्सुल (सर्वोच्च अधिकारी), मुदत एक वर्ष, दोघेही एकमेकांना अडवू शकणार, आणि वर आजी-माजी पदाधिकाऱ्यांची सिनेट. सामान्यांनी भांडून भांडून आपले ट्रिब्यून, म्हणजे त्यांची बाजू मांडणारे अधिकारी, मिळवले, इ.स.पू. २८७ मध्ये (पुढची सालंही सगळी इ.स.पू.च) त्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांना लागू झाले. पण कॉन्सुल निवडणाऱ्या मोठ्या सभेत प्रत्येकी एक मत असलेले १९३ गट होते आणि त्यातले ९८ घोडेस्वार आणि वरच्या श्रीमंत वर्गाचे, म्हणजे त्यांचं एकमत झालं की मतदान तिथंच बंद, गरिबांचा नंबरच लागायचा नाही.

३३८ मध्ये रोमच्या आसपासच्या लॅटिन शहरांचा संघ मोडला तेव्हा रोमने प्रत्येकाशी वेगळा हिशोब केला, कुणाला पूर्ण नागरिकत्व, कुणाला मताशिवायचं, कुणाशी नुसता तह. खंडणी सहसा नाहीच, फक्त सैनिक द्यायचे. आता सैनिकच मिळणार असतील तर त्यांचा उपयोग करायला दरवर्षी लढाई हवीच ना!

आणि मग २६४. इटलीच्या टोकासमोरच्या सिसिली बेटावरचं मेसाना शहर इटलीतल्याच कॅम्पानियाच्या भाडोत्री सैनिकांनी आधीच बळकावलं होतं, पुरुषांना मारून बायका आणि घरं वाटून घेतलेली. त्याच बेटावरच्या सिराक्यूज शहराने दाबल्यावर त्यांच्यातल्या काहींनी उत्तर आफ्रिकेतल्या बलाढ्य कार्थेजला बोलावलं, काहींनी रोमला. सिनेटची पंचाईत अशी की समोरच्याच इटलीच्या किनाऱ्यावर रेगियम शहरात रोमच्याच तुकडीने अगदी हेच केलं होतं, आणि २७० मध्ये त्यातल्या जिवंत सापडलेल्या तीनशेच्या वर लोकांना रोमच्या भर चौकात, फोरममध्ये, फटके मारून मुंडकी उडवली होती. मग आता तसल्याच लोकांना मदत कुठल्या तोंडाने करायची? पण कार्थेज सामुद्रधुनीपाशी येऊन बसणार ही भीतीही खोटी नव्हती. सिनेटचं काही ठरेना, शेवटी "लोकांनी" ठरवलं, कारण कॉन्सुलनी त्यांना प्रत्येकाला भरपूर लूट मिळेल असं सांगितलं.

निदान एक ग्रीक इतिहासकार शंभरेक वर्षांनंतर असं लिहितो. कुठल्या सभेत मतदान झालं ते तो सांगत नाही, आणि ज्या रोमन लेखकाचा त्याला आधार तो स्वतः सिनेटर, म्हणजे खापर लोकांवर फुटलं तर त्याला बरंच की. मोठी सभा असेल तर ते "लोक" म्हणजे पुन्हा वरचेच वर्ग. मला तरी सिनेट इतकी भाबडी वाटत नाही.

पलीकडे जायला धड जहाजंही नव्हती, टॅरेंटम, नेपल्स अशा ग्रीक शहरांकडून मागून आणली. युद्ध चाललं २३ वर्षं, २४१ मध्ये सिसिली मिळालं. पुढे कार्थेज स्वतःच्याच भाडोत्री सैनिकांच्या बंडाने खिळखिळं झालेलं असताना रोमने सार्डिनियाही घेतलं आणि वर १२०० टॅलेंट (चांदी मोजायचं मोठं वजन) उकळले. रोमचं एरवी तोंडभरून कौतुक करणारा तोच ग्रीक इतिहासकार म्हणतो, याला मात्र काहीच सबब नव्हती.