पायादुरुस्ती व जलरोधन (नाशिक)

घराचा खचलेला किंवा ओल धरलेला पाया पुन्हा भार पेलण्याजोगा करणे आणि जमिनीतले पाणी भिंतीत चढू न देणे, या जोडकामाला पायादुरुस्ती व जलरोधन म्हणतात. नाशिकमध्ये त्याच्या दोन निराळ्या तऱ्हा दिसतात. एक गोदाकाठच्या गावठाणातील वाड्यांची, दुसरी मळ्यांच्या जमिनीवर उठलेल्या वसाहतींतील बंगल्यांची. एकीचा उपाय दुसरीवर केला की बिघाड वाढतो.

सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटी या भागांतील जुन्या वाड्यांचे जोते घडीव काळ्या दगडाचे असते. दोन्ही अंगांना दगड, मध्ये दगडमातीची भर, वर विटांच्या भिंती आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. सांधे घाण्यात मळलेल्या चुन्याचे. चुना सच्छिद्र असल्याने जोत्यात शिरलेली ओल सांध्यांवाटे बाहेर पडून सुकते. वाडे टिकले ते यामुळेच. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याची उंची मोजतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत पाणी काठच्या बाजारपेठेत शिरले होते. पूर झपाट्याने ओसरताना जोत्याच्या पोटातली बारीक माती सांध्यांतून ओढून नेतो. बाहेरून दगड जागच्या जागी दिसतात, आत मात्र पोकळी झालेली असते. तरीही पुराइतकेच, कधी कधी त्याहून अधिक नुकसान बोळातल्या फुटक्या गटाराने होते. पूर दोन दिवसांत ओसरतो, गटार वर्षभर झिरपते.

अशा जोत्याला सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत घातक चूक. ओलीची बाहेर पडण्याची वाट बुजते आणि ती वर सरकते. मग विटांना लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, पोपडे सुटतात, खांबांची बुडे कुजतात. गिलावा वरून कोरडा दिसत असल्याने हे ध्यानात यायला काही वर्षे जातात. योग्य रीत सावकाशीची आहे. आधी तुळयांना टेकू द्यायचे, गटार व नळाची गळती बंद करायची, दर्जा (दगडांमधले सांधे) खोलवर खरवडून चुना-सुरखीने (सुरखी म्हणजे विटांची पूड) पुन्हा भरायच्या. पोकळीत चुन्याचा पातळ रस खालून वर, टप्प्याटप्प्याने सोडायचा. जोराने दाबला तर फुगलेली भिंत आणखी बाहेर येते. सुटलेले दगड पाथरवटाकडून पुन्हा बसवून घेताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घालावेत, म्हणजे दोन्ही अंगे एकमेकांना धरून राहतात.

बंगल्यांचा त्रास बहुतेक काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि हा खेळ जमिनीखाली सुमारे साडेतीन मीटरपर्यंत चालू शकतो. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी जाणारी भेग ही त्याची ओळखीची खूण. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली तर भेग चालू आहे असे समजावे. मे महिन्यात रुंदावलेली भेग सिमेंटने ठासून भरली, तर पावसात माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. म्हणून घाई नसेल तर एक पूर्ण वर्ष भेग पाहावी. भिंतीलगतचे मोठे झाड उन्हाळ्यात माती सुकवते, पण ते एकदम तोडले तरी माती पुन्हा पाणी पिऊन पाया उचलते.

खचलेला पाया खालून आधारताना सलग चर खणत नाहीत. मीटर-सव्वा मीटर लांबीचे खड्डे एकाआड एक घेऊन मुरमापर्यंत उतरतात आणि काँक्रीट भरतात. जुन्या पायाखाली उरलेली फट सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्याने ठासून भरतात, आणि ते काम पक्के झाल्यावरच शेजारचा खड्डा खणतात. नव्या घरासाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब काळ्या मातीत उपयोगी पडतात.

जलरोधनात रसायनाचा क्रम शेवटचा. भिंतीलगतचे फुलझाडांचे वाफे हलवणे, छताचे पाणी पाइपाने दूर सोडणे, घराभोवती बाहेर उतार असलेला मीटरभर रुंदीचा कोबा करणे, एवढ्यानेच पुष्कळ ओल थांबते. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत राहते. विटांच्या भिंतीत डीपीसी (ओल वर चढू न देणारा आडवा जलरोधक थर) नसेल किंवा निकामी झाली असेल, तर जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर आडव्या रांगेत, १०-१२ सेंटिमीटर अंतराने भोके पाडून जलरोधक सिलेन क्रीम भरतात. लेप द्यायचा तर पाणी येते त्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने. खोदकामाला दिवाळीनंतरचे महिने उत्तम; मृगापूर्वी चर बुजलेले हवेत.

वाड्यांच्या बाबतीत अडचण तंत्रापेक्षा मालकीची. अनेक वारस, जुने भाडेकरू आणि खर्च कुणी करायचा याचा वाद. तोवर महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा देते आणि टेकूसुद्धा न लावलेल्या वाड्यांत लोक राहत असतात.

नदीकाठच्या काझीच्या गढीची गोष्ट आणखी वेगळी. हा मातीचाच उंचवटा असून पावसात त्याची कड ढासळते. तिथे एकेका घराचा पाया सावरून भागत नाही, कारण पायाखालचा उतारच सरकतो. आधी उताराला संरक्षक भिंत आणि पाण्याला निचरा हवा. ते होईपर्यंत कडेच्या घरांनी पावसाळ्यात जागा सोडणे एवढाच सुरक्षित उपाय आहे.