ज्वारीचा आकडा ऑगस्टमध्येच का मागतो?

आमच्याकडून ज्वारी, ज्वारीच्या लाह्या आणि मोड आणून वाळवलेली नाचणी घेणाऱ्या ब्रुअरींसाठी

दरवर्षी जानेवारीत फोन सुरू होतात. "उन्हाळ्याच्या बिअरसाठी मालदांडी ज्वारी हवी, गेल्या वेळचीच द्या, पाच-सहा क्विंटल." त्या वेळी मंगळवेढ्याकडच्या रानात ज्वारी हुरड्यात असते. दाणा बोटांत दाबला तर चीक येतो. मागच्या हंगामातला माल आमच्याकडे संपत आलेला असतो, नवा यायला दीड-दोन महिने असतात आणि येणारा बहुतेक माल आधी सांगून ठेवलेल्यांचा असतो. मग नाही म्हणावं लागतं. तुमचा मेन्यू छापून झालेला असतो, म्हणून आम्हालाही वाईट वाटतं.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. काळ्या, भारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती चार महिने काढते. आमच्याकडे माल देणारे बहुतेक शेतकरी तिला वरून पाणी देतच नाहीत. पाण्याच्या ओढीच्या मुलखात हे पीक टिकावं, म्हणूनच आम्ही या व्यवसायात आलो. पण या तुकड्यात ज्वारी घ्यायची की हरभरा, आणि विहिरीला पाणी असेल तर ऊस, हे शेतकरी पेरणीआधीच ठरवतो. तेव्हा तुम्हाला वर्षभरात किती ज्वारी लागेल हा आकडा आमच्या हातात असला, तर त्याच्या बांधावर बसून भाव ठरवता येतो. नुसतं "लागेल तसं सांगतो" घेऊन गेलो तर तो हरभरा पेरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आकडा काढणं सोपं आहे. ५०० लिटरच्या बॅचला धान्य साधारण १०० किलो लागतं. त्यात ज्वारी २० टक्के धरली तर २० किलो. महिन्याला चार बॅच म्हणजे वर्षाला साडेनऊ क्विंटलच्या आसपास. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरला, तर तुमच्या एका बिअरमागे कुणाचं तरी दोन-सव्वादोन एकर रान लागतं. आम्ही आगाऊ पैसे मागत नाही. १०-१५ टक्के कमी-जास्त झालं तरी सांभाळून घेतो. फक्त ऑगस्टअखेरपर्यंत आकडा द्या.

"मग बाजारातून घेऊन द्या ना," असं बरेच जण म्हणतात. एकदा एका ग्राहकाच्या आग्रहाखातर घेतली. दिसायला टपोरी, पांढरीशुभ्र. नेहमीप्रमाणे १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी उघडलं तर मोड ७१ दाण्यांना. उरलेले तसेच, काही बुळबुळीत झालेले. दोन-तीन गावांचा, नवा-जुना माल एकत्र आला होता. पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीचे काळपट दाणेही त्यात होते. भाकरीला ती चालली असती, मोड आणायला नाही. आम्ही ९५ च्या खाली घेत नाही. तो माल ग्राहकाला दिला नाही, तोटा आमच्या अंगावर घेतला आणि त्यानंतर ही वाट बंद केली.

आमचा भाव बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, हे खरं. मळणी झाली की खळ्यावरच वजन करून तिथेच पैसे देतो. अडत, तोलाई काही कापत नाही. प्रत्येक पोत्यावर गाव आणि वजनाची तारीख असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण तुमच्या पाहुण्याने विचारलं तर त्याला गावाचं नाव सांगता यावं, असं आम्हाला वाटतं.

आता थोडं वापराबद्दल. ज्वारी बार्लीबरोबर थेट मॅशमध्ये, म्हणजे स्टार्चची साखर होण्यासाठी धान्य गरम पाण्यात भिजवतात त्यात, टाकू नका. बार्लीचा स्टार्च ६०-६५ अंशांना फुलतो, ज्वारीच्या स्टार्चला ७० च्या वर ताप लागतो. ती आधी वेगळी शिजवून घ्या. तेवढी सोय नसेल तर लाह्या घ्या. नागपंचमीला घरी करतो त्याच, फक्त मीठ-मसाल्याविना. लाही फुटताना स्टार्च फुललेलाच असतो, त्यामुळे ती सरळ मॅशमध्ये जाते. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, म्हणून गाळणी तुंबू नये यासाठी भाताचा तूस मिसळा. तोही आमच्याकडे धुऊन, वाळवून मिळतो. बार्ली पूर्ण काढून टाकण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. साखर करणारी एन्झाइम्स ज्वारीत कमी पडतात.

गाळून उरलेला चोथा परत नेता का, असंही विचारतात. नाही. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि तो एक-दोन दिवसांत आंबतो. पुण्याहून सोलापूरपर्यंत पाणी वाहून नेण्यात डिझेल जाळण्यापेक्षा जवळच्या गोठ्याला त्याच दिवशी द्या.

आकडा पाठवताना बॅच किती लिटरची, महिन्याला किती, आणि अख्खी ज्वारी हवी की लाह्या, एवढं लिहा. पहिल्यांदाच वापरणार असाल तर पाच किलो नमुना घेऊन एक छोटी बॅच करून पाहा. नमुन्यासाठी मात्र मार्चनंतर केव्हाही फोन करा, तेव्हा नवा दाणा आलेला असतो.