घडीची मसाज खुर्ची आणि खारा वारा

मालवणात घडीची खुर्ची (माणूस पुढे झुकून, चेहरा उशीवर टेकून बसतो ती) घेऊन मालिशचं काम सुरू केलं, त्याच्या दुसऱ्याच पावसाळ्यात बैठकीखालच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली. बुरशी समजून मी ती फडक्याने पुसून टाकली. गणपतीनंतर पाहतो तर स्क्रू बोटाने हलत होता, भोक आतून खाल्लं गेलं होतं. कुणी बसलेलं असताना तो निसटला नाही, हे नशीब.

ती भुकटी म्हणजे खुर्चीच्या सांगाड्यातल्या नळ्यांच्या अ‍ॅल्युमिनियमचा गंज. एरवी या धातूला त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर राखतो. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड हा थर भेदतं. त्यात स्क्रू स्टीलचा असला की दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, अशी बारीकशी बॅटरीच तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून खुर्ची घेताना गादी दाबून बघण्याआधी खुर्ची उलटी करा. स्क्रू आणि नळी यांच्यात नायलॉनचे वॉशर आहेत का ते बघा. स्क्रू बदलायचेच झाले तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम या धातूमुळे ते खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं. किनाऱ्यावरून आलात की सांधे गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा आणि सुकल्यावरच खुर्ची पिशवीत घाला. ओली कोंडली तर रेक्झिनचेही पापुद्रे सुटतात.

आता वजन. एसटीतून न्यायची म्हणून हलकी खुर्ची बरी वाटते, ८-१० किलोची सहज मिळते. पण ती किती वजन पेलते हे विचारताना ‘स्थिर’ (नुसतं शांत ठेवलेलं वजन) की ‘कामाचं’ (मालिश चालू असतानाचं) हेही विचारा. दोन्हींत मोठा फरक आहे. माणूस धपकन बसतो तेव्हा सांध्यांवर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ताण येतो, वर तुमच्या हातांचा जोर निराळाच.

अशी खुर्ची अमेरिकेत डेव्हिड पामर यांनी १९८० च्या दशकात पुढे आणली. तिची सगळी करामत पुढे झुकण्यात आहे. डोकं साधारण ५ किलोचं. हापूसच्या पेट्या भरताना किंवा जाळं विणताना मान खाली गेली की हे ओझं मानेमागचे स्नायू तासन् तास धरून ठेवतात. खुर्चीत ते कपाळ आणि गालांच्या हाडांवर उतरतं, धड छातीच्या गादीवर टेकतं आणि स्नायू सैल पडतात. मान पाठीच्या रेषेत राहील अशी उशी लावा. डोळ्यांवर दाब अजिबात नको.

उंची मात्र तुमच्या शरीराला बेतून ठरवा. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार पडतो, कारण हाड तरफेसारखं वागतं. दिवसाला दहा जणांची पाठ अंगठ्याने दाबणाऱ्याचा हा सांधा काही वर्षांत बोलायला लागतो. कोपर सरळ, मनगट सरळ ठेवा आणि मागच्या पायावरचं वजन पुढे सोडा. तळहात, मूठ, कोपराजवळचा हात वापरा.

तारकर्लीच्या वाळूत खुर्चीचे पाय रुततात, तेव्हा खाली प्लायवूडचा तुकडा टाका.

आणि मालिश संपल्यावर लगेच उभं करू नका. सैल पडलेल्या शरीरात रक्तदाब जरा उतरलेला असतो, उन्हाळ्यात घामाने पाणीही गेलेलं असतं. माणसाला मिनिटभर ताठ बसू द्या, पाणी किंवा कोकमचं सरबत द्या, दोन्ही पाय जमिनीवर टेकले की मग हात धरून उठवा.